शुगर तपासणारे पुष्कळ, सांभाळणारं कोणी नाही

सोलापुरात शुगर तपासून घेणं आता अवघड राहिलेलं नाही. गणेशोत्सवात मंडळांची शिबिरं होतात, जयंत्यांना होतात, पुढाऱ्यांच्या वाढदिवसाला तर हमखास होतात. बोटाला सुई टोचली जाते, यंत्रावर आकडा येतो आणि तो एका चिठ्ठीवर लिहून हातात मिळतो. ‘शुगर जास्त आहे, डॉक्टरांना दाखवा.’ चिठ्ठी पदराला बांधून बाई वळलेल्या विड्या द्यायला ब्रँचकडे, म्हणजे कारखान्याच्या विड्या जमा करण्याच्या ठिकाणी, निघून जाते. कोणत्या डॉक्टरांना दाखवायचं, कधी जायचं, किती पैसे लागतील, यातलं काहीच त्या चिठ्ठीवर नसतं. ती पुढे गेली की नाही, हे महिन्याभराने कोणी विचारत नाही. कारण ते विचारणं कोणाचंच काम नाही.

ते कोणाचं तरी काम असलं पाहिजे, पगारी आणि नेमून दिलेलं. शहरात डॉक्टर आहेत, गोळ्या आहेत, योजनाही आहेत. या सगळ्यांना एका रुग्णाभोवती बांधून ठेवणारा माणूस तेवढा नाही. महापालिकेने आणि जिल्हा परिषदेने मिळून असे समन्वयक नेमावेत. प्रत्येकाकडे ठरावीक घरं द्यावीत, ठरावीक नावं द्यावीत, आणि त्या नावांची साखर, रक्तदाब, डोळे, पाय यांचा हिशेब त्याच्याकडेच मागावा, असं माझं मागणं आहे.

आपल्याकडे काय काय आहे ते आधी पाहू. सिव्हिल आहे. श्री छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयाला डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालय जोडलेलं असल्याने धाराशिव, लातूरपासून विजयपूर, कलबुर्गीपर्यंतचे लोक तिथे येतात. महापालिकेची नागरी आरोग्य केंद्रं आहेत, ‘आपला दवाखाना’ आहे. ज्यांच्या पगारातून वर्गणी कापली जाते त्यांना राज्य कामगार विमा रुग्णालय आहे. विडी कामगारांसाठी १९७६ च्या कायद्याने कल्याण निधी उभा राहिला, त्यातून दवाखाने आले. पुढे २०१७ मध्ये जीएसटी आला आणि त्या निधीचा आधार असलेला विडीवरचा उपकर गेला. जनऔषधीची दुकानं आहेत. शहराच्या पूर्व भागात, म्हणजे विणकर आणि विडी कामगारांच्या वस्त्यांत, गल्लोगल्ली खासगी दवाखाने आहेत. केंद्राचा मधुमेह-रक्तदाबाचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० पासून चालू आहे आणि त्यात तिशीच्या पुढच्या प्रत्येकाची तपासणी करायची असं कागदावर ठरलेलं आहे. एवढं सगळं असूनही पन्नाशीतल्या विडी कामगार बाईचा पाय काळा पडेपर्यंत तिच्याकडे कोणाचं लक्ष जात नाही. हे कसं होतं, ते नीट पाहायला हवं.

हजार विड्यांवर मजुरी मिळते. सूप मांडीवर घेऊन सकाळपासून बसायचं, पाला कापायचा, तंबाखू भरायची, दोरा गुंडाळायचा. त्या दिवशी बसली नाही तर त्या दिवसाचे पैसे नाहीत. सरकारी रुग्णालयात शुगर दाखवायची म्हणजे उपाशीपोटी पहाटे निघायचं, केसपेपर काढायचा, रक्त द्यायचं, मग खाऊन दोन तासांनी पुन्हा रक्त द्यायचं. रिपोर्ट दुपारी किंवा दुसऱ्या दिवशी. रिपोर्ट हातात येईपर्यंत ओपीडी संपलेली असते. डॉक्टर डोळे तपासायला सांगतात, पण डोळ्यांची ओपीडी वेगळी, रांग वेगळी, बऱ्याचदा दिवसही वेगळा. गोळ्या पंधरा दिवसांच्या मिळतात. पंधरा दिवसांनी पुन्हा मजुरी बुडवायची की दुकानातून पाच दिवसांच्या गोळ्या विकत आणायच्या, की एक दिवसाआड घ्यायच्या? बहुतेक बायका एक दिवसाआड घेतात.

पुढचा धोका यातूनच येतो. तीन महिन्यांनी ती पुन्हा रुग्णालयात जाते. समोर वेगळे डॉक्टर असतात. शुगर वाढलेली दिसते. गोळ्या अर्ध्याच घेतल्या हे ती सांगत नाही, ओरडा बसेल म्हणून. डॉक्टरांना वाटतं, आहे तो डोस पुरत नाही, आणि ते तो वाढवतात. आता ग्लिमेपिराइडसारखी गोळी पोटात अन्न असो-नसो साखर खाली आणते. नवरात्रात ती उपवास धरते, या वेळी गोळ्या मात्र नेमाने घ्यायच्या असं मनाशी ठरवते, आणि चौथ्या दिवशी घाम फुटून, हातपाय थरथरून घरात कोसळते. रमजानच्या रोज्यात शेजारच्या मोहल्ल्यातही हेच होतं. घरचे म्हणतात, गोळ्या सोसल्या नाहीत. मग गोळ्या कायमच्या बंद होतात आणि कुणीतरी सांगितलेली झाडपाल्याची पुडी सुरू होते. यात डॉक्टर चुकलेले नाहीत. समोर आलेल्या आकड्यावरून त्यांनी योग्य तेच केलं. बाईही मूर्ख नाही. घरात किती गोळ्या उरल्या आहेत, हे चार वाक्यांत विचारणारं मधे कोणी नव्हतं, एवढंच.

‘पेशंट ऐकतच नाहीत’ असं डॉक्टर मंडळींकडून फार ऐकायला मिळतं. मला ते पटत नाही. हीच बाई मुलाच्या शाळेचे कागद, रेशनचं ई-केवायसी, पीएफचा दावा, सगळीकडे खेटे घालून कामं पुरी करते. शुगर दुखत नाही. मजुरी बुडाली की त्याच दिवशी कळतं, डोळ्याचा पडदा खराब होतोय हे दहा वर्षांनी कळतं. अशा आजारात रुग्णाने स्वतःहून धावत यावं ही अपेक्षाच चुकीची आहे.

सरकार पैसे कुठे खर्च करतं, तेही बघा. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेतून हृदयाच्या झडपा, अँजिओप्लास्टी, डायलिसिस मोफत होतं. कुटुंबामागे मर्यादा आता पाच लाखांवर गेली आहे. ही योजना गरिबांसाठी मोठा आधार आहे आणि ती राहिलीच पाहिजे. पण ती रुग्ण दाखल होण्याच्या टप्प्यावर सुरू होते. महिन्याच्या गोळ्या, तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची तपासणी, लघवीतली प्रथिनं, पायाची तपासणी, यातलं काही तिच्यात बसत नाही. केंद्राच्या आयुष्मान योजनेचंही तेच. मूत्रपिंड निकामी झालं की आठवड्यातून दोन-तीन वेळा चार-चार तासांचं डायलिसिस जन्मभर मोफत, आणि मूत्रपिंड वाचवणाऱ्या स्वस्त गोळीसाठी मात्र तुम्ही तुमचं बघा. मेटफॉर्मिन ही शुगरची नेहमीची गोळी जगातल्या अतिस्वस्त औषधांपैकी एक आहे. इंग्लंडमधला वीस वर्षं चाललेला मोठा अभ्यास १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. साखर आटोक्यात ठेवली तर डोळे, मूत्रपिंड यांचं नुकसान सुमारे पाव हिश्श्याने कमी होतं, हे त्यातून पक्कं ठरलं. म्हणजे हे ज्ञान काही नवं नाही.

तरीही देशात काय दिसतं? आयसीएमआर या केंद्राच्या वैद्यकीय संशोधन संस्थेच्या २०२३ च्या अहवालाप्रमाणे भारतात १० कोटींहून अधिक मधुमेही आहेत. आणि आजार आधीच माहीत असलेल्यांपैकी साखर आटोक्यात असलेले साधारण ३६ टक्के. साखर, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल तिन्ही आटोक्यात असलेले आठ टक्क्यांनाही पोचत नाहीत. ज्यांना आजार आहे हे माहीत आहे त्यांची ही अवस्था. म्हणून नुसती शिबिरं वाढवण्याला माझा आक्षेप आहे. निदान झालेल्यांनाच आपण सांभाळू शकत नाही, तर नव्या चिठ्ठ्या वाटून काय साधणार?

मधे माणूस ठेवला तर फरक पडतो का, याचं उत्तर आपल्याच उपखंडातून आलेलं आहे. भारत आणि पाकिस्तानातल्या दहा दवाखान्यांत ११४६ रुग्णांवर एक चाचणी झाली, २०१६ मध्ये ती प्रसिद्ध झाली. अर्ध्या रुग्णांना नेहमीचे उपचार मिळाले. उरलेल्या अर्ध्यांना एक समन्वयक दिला. तो डॉक्टर नव्हता. त्याने रुग्णाच्या मागे राहायचं, तारखा सांभाळायच्या, आणि संगणक डॉक्टरांना पुढचं पाऊल सुचवणार. अडीच वर्षांनी साखर आणि तिच्याबरोबर रक्तदाब किंवा कोलेस्टेरॉल आटोक्यात आलेले नेहमीच्या गटात ८ टक्के होते, समन्वयकाच्या गटात १८ टक्के. अठरा म्हणजे फार नाही, हे मान्य. पण दुपटीहून जास्त आहे, आणि त्यासाठी एकही नवं औषध लागलं नाही.

रक्तदाबाच्या बाबतीत तर महाराष्ट्राने हे करून पाहिलंय. २०१८ च्या सुमारास सातारा, सिंधुदुर्ग, वर्धा आणि भंडारा या जिल्ह्यांत उच्च रक्तदाब नियंत्रणाचा उपक्रम सुरू झाला. सगळ्या डॉक्टरांनी एकच ठरलेली औषधयोजना वापरायची, गोळ्या घराजवळच्या केंद्रात मिळायच्या, प्रत्येक रुग्णाचं कार्ड ठेवायचं आणि जो आला नाही त्याला शोधायचं, एवढंच त्याचं सूत्र. तमिळनाडूने ५ ऑगस्ट २०२१ पासून रक्तदाब-शुगरच्या गोळ्या थेट घरी पोचवायला सुरुवात केली; बचत गटांतल्या बायका हे काम करतात. सातारा तर आपल्याला लागून असलेला जिल्हा आहे.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर ‘समन्वय’ हा शब्द नुसता गोड वाटतो. अमेरिकेत न्यू जर्सीतल्या कॅम्डेन या गरीब शहरात वारंवार दाखल होणाऱ्या रुग्णांमागे नर्स, समाजसेवक असं पथक लावलं गेलं. त्याचं जगभर कौतुक झालं. मग ८०० रुग्णांवर रीतसर चाचणी झाली, २०२० मध्ये निकाल आला. सहा महिन्यांत पुन्हा दाखल झालेले पथकाच्या गटात ६२.३ टक्के आणि पथक नसलेल्या गटात ६१.७ टक्के. म्हणजे काहीच फरक नाही. ते रुग्ण फार गुंतागुंतीचे होते आणि मुक्कामाची, उत्पन्नाची अडचण पथकाच्या हातात नव्हती. मी यातून एवढं घेतो की समन्वयकाच्या मागे देण्यासारखं काही असलं पाहिजे. त्याने बाईला केंद्रात आणलं आणि तिथे गोळ्याच नसल्या, तर दुसऱ्या वेळी ती येणार नाही, आणि समन्वयकाचं तोंडही बघणार नाही. म्हणून माझ्या मागणीत गोळ्या आधी आणि माणूस नंतर आहे. एका वेळी दोन महिन्यांच्या गोळ्या, वर्षभर खंड न पडता. हे जमत नसेल तर समन्वयक नेमूच नयेत.

आता सोलापूरपुरतं बोलतो. हे काम आपल्याला अनोळखी नाही. टीबीच्या कार्यक्रमात प्रत्येक रुग्ण नावाने ओळखला जातो. त्याचं कार्ड असतं, निक्षय या सरकारी पोर्टलवर नोंद असते, गोळ्या चुकल्या की घरी माणूस जातो, खात्यात पोषणाचे पैसे येतात. एचआयव्हीची औषधं देणाऱ्या एआरटी केंद्रात समुपदेशक असतो, तारीख चुकवणाऱ्यांची यादी निघते, त्यांना शोधलं जातं. हे सगळं सरकारी यंत्रणाच करते, आपल्याच शहरात. २०१७ च्या राष्ट्रीय आराखड्याप्रमाणे टीबीच्या प्रत्येक रुग्णाची शुगरही तपासायची आहे, कारण शुगर असेल तर टीबीचा धोका दोन-तीन पटींनी वाढतो. तंबाखूच्या धुळीत आणि मागाच्या फुफाट्यात काम करणाऱ्या आपल्या वस्त्यांमध्ये हे दोन्ही आजार एकाच घरात सापडतात. टीबीचा कोर्स सहा महिन्यांनी संपतो, तेव्हा कार्ड बंद होतं आणि घरी येणारा माणूसही यायचा थांबतो. शुगर मात्र तिथेच असते. त्याच कार्डाचं पान उलटून पुढे लिहीत राहायला काय हरकत आहे?

कुष्ठरोगाचं उदाहरण तर मला फारच बोलकं वाटतं. कुष्ठरोगात तळव्याची संवेदना जाते, म्हणून राष्ट्रीय कार्यक्रमातून रुग्णाला मऊ रबराची एमसीआर चप्पल मोफत मिळते. जुन्या मधुमेहातही तळवा असाच बधिर होतो. मे महिन्यात तापलेल्या डांबरावर, पंढरीच्या वारीत, मागाच्या खात्यात दिवसभर उभं राहून त्या तळव्याला जखम होते आणि ती दुखत नाही म्हणून दिसत नाही. पायांची गरज तीच, पण शुगरवाल्याला ती चप्पल मिळण्याची सोय नाही. दहा ग्रॅमचा एक नायलॉनचा धागा तळव्याला टेकवून संवेदना तपासता येते. दोन मिनिटांचं काम आहे, आशाताईही शिकू शकते. पाय कापायची वेळ आलेल्या कितीतरी लोकांच्या तळव्याला तो धागा एकदाही लागलेला नसतो.

समन्वयक कोण असावा, यावर माझं मत ठाम आहे. तो त्याच वस्तीतला हवा आणि त्याला वस्तीची भाषा यायला हवी. पूर्व भागातल्या कितीतरी आज्या तेलुगूच बोलतात, विजापूर रोडकडे कन्नड चालते. ‘भात बंद करा’ हा सल्ला मराठीत दिला जातो आणि घरी रेशनचा तांदूळच शिजतो, कारण तो फुकट आहे आणि ज्वारी विकत घ्यावी लागते. मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण पूर्व भागातल्या मजुराच्या ताटात ती रोज परवडत नाही. उलट ज्यांना परवडते त्यांच्यात भाकरी खाल्ली की शुगर वाढतच नाही असा समज आहे, म्हणून कडक भाकरी हवी तेवढी खाल्ली जाते. ज्वारीतही पिष्ट आहेच. भाताचा एक वाटा कमी करून वाटीभर जास्त डाळ, शेंगा, पालेभाजी, हे घरातल्या चुलीजवळ बसून सांगावं लागतं. ‘अक्का, ह्यातला निम्मा भात काढा बघू’ असं तिच्या भाषेत म्हणणारी बाई हवी.

इन्शुलिन घेणाऱ्यांचा प्रश्न तर कोणी बोलतही नाही. एप्रिल-मेमध्ये इथे पारा त्रेचाळीसच्या वर जातो, घर पत्र्याचं, फ्रिज नाही. इन्शुलिन तापलं की निकामी होतं आणि दिसायला मात्र तसंच दिसतं. ओल्या वाळूत ठेवलेलं मातीचं मडकं बऱ्यापैकी काम भागवतं, पण हे सांगायला हवं, घरी जाऊन पाहायला हवं. शिवाय आपल्या बाजारात मिलिलिटरला ४० युनिटच्या कुप्याही मिळतात आणि १०० च्याही, सिरिंज दोन्हीच्या वेगळ्या. चुकीची सिरिंज हातात आली तर डोस अडीच पटींनी चुकतो.

एक अडचण खास आपल्याकडची. शहरातले कामगार शहराबाहेर राहायला गेले. कुंभारीला गोदूताई परुळेकर वसाहत झाली, मग रे नगर झालं. तिथली पहिली पंधरा हजार घरं जानेवारी २०२४ मध्ये दिली गेली. पक्कं घर मिळालं ही फार मोठी गोष्ट. पण कुंभारी महापालिकेच्या हद्दीत नाही. म्हणजे राहायला गेल्यावर त्या बाईचं आरोग्य खातंच बदललं, जुन्या नागरी केंद्रातली नोंद जुन्याच रजिस्टरात राहिली. महापालिका आणि जिल्हा परिषद यांनी मधुमेहींची नोंद एकच ठेवली नाही, तर हद्दीच्या रेषेवर माणसं हरवत राहणार.

आशाताईंवरच हे काम टाकावं अशी सूचना लगेच येईल, आणि मी तिला विरोध करतो. गर्भवती, लसीकरण, सर्वेक्षण, पोर्टलवरच्या नोंदी, सगळं आधीच त्यांच्या माथी आहे. बराचसा मोबदला कामागणिक मिळतो आणि त्यासाठीही त्यांना पुन्हा पुन्हा संपावर बसावं लागलं आहे. शुगरचं काम त्यांना द्यायचं असेल तर वेगळा, ठरावीक पगार द्या. नाहीतर वेगळी माणसं घ्या. फुकटात समन्वय होत नाही.

सुरुवात विडी कामगारांपासून करावी. कारण त्या बायका विड्या द्यायला ब्रँचवर ठरलेल्या वेळी येतातच, त्यांची नावं पीएफच्या आणि ओळखपत्रांच्या यादीत आहेत. समन्वयकाने तिथेच बसावं. रक्तदाब तिथेच मोजावा, पाय तिथेच पाहावेत, गोळ्यांची पाकिटं तिथेच द्यावीत, आणि फक्त ज्यांना डॉक्टरांची गरज आहे त्यांनाच तारीख-वेळ ठरवून पाठवावं, म्हणजे त्यांची मजुरी एकच दिवस बुडेल. कारखानदारांनी जागा द्यावी, त्यांना यात काही तोटा नाही. यंत्रमाग कामगारांसाठी पाळी सुटण्याच्या वेळी, म्हणजे संध्याकाळी, केंद्र उघडं लागेल.

आणि मोजायचं काय, हे आधी ठरवा. आज अहवालात ‘एवढ्या हजारांची तपासणी’ असं लिहिलं जातं. त्याऐवजी दर तीन महिन्यांनी तीन आकडे सर्वसाधारण सभेपुढे यावेत: नोंद असलेल्यांपैकी किती जणांकडे आज गोळ्या आहेत, किती जणांची तीन महिन्यांची शुगर आटोक्यात आहे, आणि वर्षभरात किती जणांचे डोळे आणि पाय पाहिले गेले. प्रभागनिहाय. ज्यांच्या गोळ्या थांबल्या त्यांची नावं मात्र सभेत जाऊ नयेत. ती त्याच आठवड्यात त्या त्या भागातल्या समन्वयकाच्या हातात पडावीत.